गाववाला म्हणून घर दिलं, त्याने हॉस्टेल काढलं

भावांनो, डोकं फिरलंय म्हणून कामावरूनच लिहितोय.

मी मस्कतला असतो. दिवा स्टेशनजवळ आमचं बैठं घर आहे, आईने चार घरची धुणीभांडी करून बांधलेलं. आई आता बहिणीकडे असते, म्हणून ते भाड्याने दिलंय. एजंट नाही, सगळं मीच फोनवरून बघतो. भाडेकरू सुरेश, आमच्याच गावचा. बायको-मुलीला घेऊन राहतो म्हणालेला.

आज सकाळी त्याचा फोन, मोरी तुंबली. मी प्लंबर पाठवला आणि प्लंबरलाच म्हटलं, आत गेलास की व्हिडिओ कॉल करून दाखव. त्याने मोबाईल फिरवला तर बायको नाही, मुलगी नाही. भिंतीला एकावर एक लोखंडी पलंग आणि प्रत्येकावर अनोळखी पोरगा. एकाने मलाच विचारलं, "कौन है बे?"

सुरेशला फोन लावला. म्हणतो, "अरे, पाहुणे आलेत."

"पाहुणे पलंग घेऊन येतात काय रे? आणि तू कुठे असतोस?"

"डोंबिवलीला."

पोलिसांकडे मी फक्त सुरेशच्या कुटुंबाचे कागद दिलेत. उद्या तिथे काही कांड झालं तर पोलीस घर कोणाच्या नावावर आहे ते बघणार आणि माझ्या आईला चौकीत बसवणार.

मी सांगितलं, घर रिकामं कर. तर मलाच म्हणतो, "गाववाल्याला बाहेर काढतोस? जत्रेला कुठल्या तोंडाने येशील?"

याच तोंडाने येणार, आणि देवळासमोर सगळ्यांदेखत विचारणार.

तुमच्यातल्या कोणी गाव बघून घर दिलंय? मग आजच जाऊन दार वाजवा. बघा, कोण उघडतं.