सासूबाई आणि ओव्हनचं बटण

आमच्या सासूबाई सत्यवतीबाई लग्न होऊन मालवणजवळच्या या कट्टा गावात आल्या त्या इथल्याच झाल्या. सासरे बोटीवर, पुढे मुलगाही, म्हणजे माझा नवरा सुदेशही, बोटीवर. शेत, गुरं, थोरामोठ्यांची आजारपणं, सगळं बाईंनी एकटीने काढलं. कामाला वाघ. पण एकदा नाही म्हणाल्या की ब्रह्मदेव आला तरी नाही. त्या नाहीपुढे मी आठ वर्षं डोकं आपटते आहे.

यंदा पाऊस सरला आणि माझा ओव्हन रुसला. मी घरी केक करून विकते. ओव्हन माझ्या कमाईचा, या घरात माझी म्हणावी अशी तेवढी एकच वस्तू. भिंतीवरचं बटण दाबलं की आतून चरचर आवाज यायचा, दिवा लागायचा, आणि केक अर्धा फुगला की सगळं गप्प. केक मधेच बसायचा. मी कपाळाला हात लावून बसायची आणि सासूबाई चमच्याने तो खात म्हणायच्या, "बरो लागता गो, खरवसासारखो."

मी रिक्षात घालून ओव्हन मालवणला नेला. दुकानात तो शहाण्यासारखा तापला. दुकानदाराने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच बिघडले आहे. घरी आणून लावला, पुन्हा चरचर. प्लग बदलला, तरी तेच. म्हणजे दोष भिंतीतल्या बटणात होता. वायरमन मंगेशला फोन केला. "येतंय वयनी," म्हणाला. आठवडा गेला. रोज फोन, रोज "येतंय."

त्यात खिडकीचा ताप. त्या बटणाच्या बोर्डाशेजारची खिडकी मी लावायची आणि सासूबाईंनी उघडायची. दमट हवेने साखर पाझरते, केकवरचं क्रीम ओघळतं, हे मी शंभर वेळा सांगितलं. "वारो येवंदे गो," एवढंच उत्तर.

अशात बाजारातल्या फातिमाभाभींच्या नातीचा पहिला वाढदिवस आला. तीन थरांचा केक, माझी पहिलीच मोठी ऑर्डर. त्या दिवशी सकाळीच दोन थर बसले. दुपारी भाभींचा फोन, जमत नसेल तर आत्ताच सांग, मालवणहून मागवते. माझ्या तोंडचं पाणी पळालं. हा केक हुकला असता तर बाजारात पुन्हा कोणी मला विचारलं नसतं. जमेल म्हणून सांगितलं आणि मंगेशला फोन लावून जे तोंडाला येईल ते बोलले.

तो बिचारा ऐकून घेऊन म्हणाला, "वयनी, मी दोनदा येवन गेलंय. तुमी घरात नव्हतात. काकी म्हणाली, बटाण बरा झाला, आणि तुमका काय सांगू नको."

सासूबाई ओटीवर तांदूळ निवडत होत्या. "आये, तुमी मंगेशाक परत कित्या धाडल्यात?"

"त्या बोर्डाक हात लावचो नाय," त्या मान वर न करता म्हणाल्या. कारण नाही, काही नाही. मला इतका संताप आला की त्यांच्यापुढचं सूप उचलून मी बाजूला आपटलं.

मंगेश लगेच आला. मेन बंद करून त्याने बोर्ड उघडला. आत चिखल. कुंभारीण माशीने बोर्डाच्या फुटक्या कोपऱ्यातून आत शिरून मातीचं घर बांधलं होतं, पार तारांपर्यंत. मातीने ओल धरली होती, तारेचं टोक हिरवं पडलं होतं, बटण मागून जळून काळं झालं होतं. "ह्या सगळा खरवडूक होया," मंगेश म्हणाला, "त्याशिवाय नवीन बटाण बसाचा नाय."

तेव्हा खिडकीचा उलगडा झाला. आमच्याकडे म्हणतात, कुंभारणीने घर केलं की त्या घरात पाळणा हलतो. ते घर कोणी मोडत नाही. आठ वर्षांत मला सगळ्यांनी मुलाबाळाचं विचारलं, देवळात, लग्नात, एसटीत. सासूबाईंनी एकदाही नाही. मला वाटायचं, यांना त्याचं काही नाही. आणि ही बाई रोज खिडकी उघडून एका माशीला वाट करून देत होती. मला त्यांचा राग येत होता आणि रडूही येत होतं.

"ऱ्हवांदे मंगेश," मी म्हटलं. "भाभीक सांगतंय, केक जमाचो नाय."

सासूबाई उठून आत आल्या. "सरा दोघांय," म्हणाल्या आणि मंगेशच्या हातातून स्क्रू-ड्रायव्हर घेतला. "घर मोडल्याचा पाप लागला तर माका लागांदे. तुका नको."

त्यांनी सगळी माती खरवडून काढली. एकेक ढेकूळ पदरात घेतलं आणि सगळं परसात फणसाखाली नेऊन ठेवलं. मंगेशने नवीन बटण बसवलं, फुटका कोपरा बुजवला. बटण दाबलं, चरचर नाही. तिन्ही थर फुगले. मी क्रीम लावायला घेतलं तेव्हा सासूबाई उठल्या आणि आपल्या हाताने खिडकी लावून कडी घातली.

मी क्रीमच्या हातानेच जाऊन ती उघडली.

"साखर पाझरतली गो," त्या म्हणाल्या.

"पाझरांदे," मी म्हटलं.