जनावराच्या भूमिकेत

मी आजवर एकाच सिनेमात काम केलं आहे आणि त्यात मी राक्षस होतो.

सिनेमा माझ्या मेव्हण्याचा. प्रवीण सुप्याच्या एका कारखान्यात कामाला आहे आणि सुट्टीला शेवगावकडच्या गावी आला की दिग्दर्शक असतो. कॅमेरा म्हणजे मोबाईल, लाईट म्हणजे ट्रॅक्टरचा, हिरॉईन म्हणजे त्याची बायको संगीता. राक्षसाला माणूस मिळेना, तेव्हा त्याला माझी उंची आठवली.

मी लगेच हो म्हणालो, कारण सासूबाई! सतरा वर्षं मी त्या घरचा जावई आहे, पण त्या माउलीच्या तोंडून माझ्याबद्दल एक बरा शब्द म्हणून निघालेला नाही. (जेवताना "घ्या अजून" म्हणतात, पण ते भाकरीबद्दल.) म्हटलं, निदान राक्षस म्हणून तरी आवडू!

माझा पोशाख बारदानाचा, त्यावर उसाचं पाचट शिवलेलं. मुखवट्याच्या डोळ्यांना सायकलचे लाल रिफ्लेक्टर आणि शेपटीला ठिबकची नळी. राक्षसाचं नाव प्रवीणने ठेवलं 'जनावर'.

"आरं, जनावर तर साप-वाघाला म्हणत्यात," सासूबाई म्हणाल्या.

"म्हणूनच भीती वाटंल ना!"

दिवस मावळायला शूटिंग सुरू झालं. मी जामखेडचा. ऊस आजवर एक तर रसवंतीवर, नाहीतर रस्त्यावरूनच पाहिलेला! त्या दोन पुरुष उंच उसात पाच पावलं आत गेलो आणि बाहेरचा आवाजच बंद झाला. वारा नसताना पानं सळसळत होती. मागून कुणीतरी बघतंय असं सारखं वाटायचं. पण जावई म्हटल्यावर भीती सांगायची सोय नाही.

"दाजी, रेडी झालात की ऊस हलवा," प्रवीणने सांगून ठेवलं होतं.

तीन वेळा मी ऊस हलवून बाहेर आलो आणि तिन्ही वेळा संगीता खो खो हसली. चौथ्या वेळी मात्र मला राहवेना. निसर्गाची हाक! पण सासुरवाडीत, मेव्हण्याच्या बायकोसमोर, हे ओरडून कसं सांगणार? मी उसातून मागच्या मागे सटकलो आणि विहिरीच्या मोटारीच्या खोलीआड जाऊन बारदानाच्या गाठी सोडत बसलो. मुखवटा हातात होता. तिथं एक कुबट वास येत होता. मला वाटलं, माझ्याच पोशाखाचा. पाखरंही एकदम गप्प झाली होती.

तिकडे ऊस हलला.

"ॲक्शन!" प्रवीण ओरडला.

तेवढ्यात शेजारच्या बांधावर गवत कापणारी ठकूबाई किंचाळली, "आरं पळा! जनावर हाय उसात! जनावर!"

"व्हय मावशी, आमचंच हाय!"

"तुमचं? पाळलंय का काय?"

"आवो, दाजी हायेत आमचे!"

हे मला आडोशाला ऐकू आलं आणि (काय सांगू!) बरं वाटलं. मघाच्या माझ्या अवताराच्या नुसत्या आठवणीनंही म्हातारी घाबरते, म्हणजे काम जमतंय!

मी परतलो तर प्रवीणने पाठ थोपटली. "दाजी, तोडलंत! आता परत न्हाई घ्यायचं."

महिन्याभराने, रविवारी दुपारी, पडदे ओढून घरच्या टीव्हीवर सिनेमा लागला. दोष काय सांगावेत! राक्षसाच्या पाठीवर 'युरिया' वाचता येत होतं. संवादाच्या वेळी ट्रॅक्टर बोलत होता.

"राक्षसाच्या पायातली ही चप्पल आपल्या पडवीतली न्हाई का?" सासूबाईंनी विचारलं. मी उशी पोटाशी धरून बसलो. संपलं, मनात म्हणालो, आणखी सतरा वर्षं!

आणि मग तो सीन आला. संगीता पाठमोरी उभी. तिच्यामागे चार हात अंतरावर ऊस जरासा दुभंगला, अगदी आवाज न करता. कंबरेएवढ्या उंचीवर दोन डोळे चमकले. करवतीने लाकूड कापावं तशी खरखर आली. ठकूबाईची किंकाळी ऐकू आली. डोळे तिच्याकडे वळले, मग पुन्हा संगीताकडे, आणि हळूच विझले. जाताना शेपटीचं टोक वर वळलं.



"जावईबापू," सासूबाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "ह्या टायमाला मातर जीव गोळा झाला बगा माझा. लई झ्याक काम केलं तुमी!"

सतरा वर्षं! डोळ्यांत पाणीच आलं माझ्या. पण अंगावर काटाही आला होता. ते डोळे पिवळे होते. माझे लाल. आणि ठिबकची नळी वळत नाही.

गप्प बसावं असं फार वाटलं. खोटं कशाला बोलू, वाटलंच! पण सकाळी त्याच उसात ही माणसं पाणी धरायला जाणार होती.

"आत्याबाई, तो मी नव्हतो," मी सासूबाईंना म्हणालो. "मी तेव्हा मोटारीच्या खोलीमागे... बसलो होतो."

संगीताच्या हातातले शेंगदाणे खाली सांडले.  प्रवीणने सीन मागे घेऊन पाहिला, आणि मग कुणीच पाहायला तयार होईना.

सासूबाईंनी सुस्कारा सोडला.

"तरी म्हटलं," त्या म्हणाल्या, "इतकं चांगलं ह्यांना जमलं कसं!"

दुसऱ्या दिवशी वनखात्याने उसाकडेला पिंजरा लावला. प्रवीणने सिनेमातल्या नावांच्या पाट्याही बदलल्या. आता प्रमुख भूमिकेपुढे नुसतं 'जनावर' लिहिलंय, आणि माझं नाव शेवटी, 'चहापाणी'च्या खाली आहे!