पाडव्यापर्यंत थांबवलेलं देवीचं नाव

मैत्रिणींनो, एक विचारायचं आहे.

आमचे हे वेबसाइटची नावं नोंदवणाऱ्या कंपनीत, कायम फिरतीवर. गावच्या देवीच्या नावाची वेबसाइट करायचं ठरलं, तेव्हा हे लगेच नाव नोंदवणार होते. मीच अडवलं, "देवीचं काम आहे, पाडव्याला करू."

ह्यासाठीच हे काल हैदराबादहून आले. आज गुढी उभारली, कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहिलं, ह्यांनी नाव टाकलं. तर ते परवाच कुणा परदेशी माणसानं घेतलेलं!

सासरे देवीचे पुजारी. म्हणाले, "म्हंजी आपल्याच देवीचं नाव लावायला आता त्याला इचारायचं?"

हे म्हणाले, "व्हय आबा. तिकडं पंचांग कुणी बघत न्हाई."

संध्याकाळी आरती आहे. देवीसमोर कोणत्या तोंडानं उभी राहू? तुम्ही थांबला असतात का मुहूर्तासाठी?