गस्तीनौकेवरचा गावचा सुतार

नालासोपाऱ्याच्या आमच्या बिल्डिंगीत सगळे मला इंजिनिअर समजत. मी होतो ड्राफ्ट्समन. मुंबईतल्या एका खासगी गोदीत जहाजदुरुस्तीची ड्रॉइंगं काढायचो. कोणी 'इंजिनिअरसाहेब' म्हटलं की मी गप्प बसायचो. आपण काही खोटं बोललो नाही, अशी स्वतःची समजूत घालायला मला छान जमायचं.

माझे बाबा वसईच्या कोळीवाड्यात मासेमारीच्या बोटी बांधत. कागद नाही, पेन्सिल नाही. बोटीचा कणा मांडून झाला की एक डोळा मिटून बघायचे आणि वाकस उचलून लाकूड तासायला लागायचे. पुढे फायबरच्या बोटी आल्या, चांगलं लाकूड परवडेनासं झालं आणि त्यांच्या हातांना काम उरलं नाही. मग एकच इच्छा राहिली होती. "लोखंडाच्या बोटीला फासल्या कशा बसवतात, ते बगू दे मना एकदा," असं ते वर्षातून चारदा तरी म्हणायचे. बोटीच्या या बरगड्या त्यांनी जन्मभर लाकडाच्याच बसवल्या होत्या. मी "बघू" म्हणायचो आणि विषय संपायचा.

तो योग आला. फ्रेंच नौदलाची एक गस्तीनौका सदिच्छाभेटीला मुंबईत आली आणि आमच्या गोदीतल्या काही जणांना ती बघायचे पास मिळाले. घरचं एक माणूस आणायची मुभा होती. मी बाबांना कळवलं. त्यांनी दाढी केली, लग्नाकार्यात घालायचा पांढरा शर्ट काढला आणि आईला तो दोनदा इस्त्री करायला लावला.

माझीही तयारी चालली होती, पण वेगळी. एका जुन्या परदेशी मासिकात मला याच नौकेचं ड्रॉइंग सापडलं होतं. आठ दिवस मी आमच्या साहेबांचं डोकं खात होतो. या नौकेला धुराडं नाही, इंजिनाचा धूर कुशीतून थेट पाण्यालगत बाहेर सोडतात, त्यामुळे वरची जागा मोकळी राहते, वगैरे. साहेबांनी ते मोठ्या कौतुकाने चार लोकांना सांगितलं. माझं वजन वाढलं.

धक्क्यावर पोचलो, समोर राखाडी नौका उभी, आणि तिच्या पाठीवर एक सोडून दोन धुराडी!

"काय हो इंजिनिअर," साहेब म्हणाले, "तुमच्या बोटीला धुराडं नव्हतं ना? ही काय मग, अगरबत्त्या?"

सगळे हसले. आणि नेमकं त्याच वेळी बाबांनी शिडीपाशी चपला काढल्या, काखेत धरल्या, नौकेच्या पत्र्याला हात लावून तो कपाळाला लावला. पहाऱ्यावरचा खलाशी चपला घाला म्हणून खुणा करायला लागला. बाबा त्याला समजावत होते, "अरे, बोटीवर चपला घालून कोनी चढतं काय?"

आमच्या कोळीवाड्यात कोणी चढत नाही. मीही कधी चढलो नव्हतो. त्या दिवशी मात्र माझे बूट चकचकीत होते.

"हे कोण?" साहेबांनी विचारलं.

"गावचा सुतार आहे," मी म्हणालो. "माझ्या बायकोला बरं नव्हतं. पास फुकट जायला नको, म्हणून आणला."

'आणला' म्हणालो मी. बाबा दोन हातांच्या अंतरावर उभे होते.

त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. अनवाणीच वर आले. डेकचा पत्रा उन्हाने तापला होता, पण काखेतल्या चपला त्यांनी काही पायात घातल्या नाहीत.

एक तरुण अधिकारी आम्हाला नौका दाखवत होता. फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर ही बांधली, तो इंग्रजीत सांगू लागला, सैनिकांची तुकडी न्यायची म्हणून आत जागा ठेवली. पण सैनिक नेण्याची वेळ क्वचितच आली. सगळी नोकरी दूरच्या बेटांभोवती गस्त घालण्यात, परक्या मासेमारांना हाकलण्यात आणि वादळानंतर बेटांवर धान्य पोचवण्यात गेली. मी बाबांना मराठीत सांगितलं.

"म्हंजे आमच्यासारख्यांना पकडायला बांधलेली," बाबा हसून म्हणाले. "साहेब, त्यांना इचारा, फासल्या किती अंतरावर हायेत?"

'साहेब' मला म्हणाले होते. मी चमकून बघितलं. ते माझ्यामागे दोन पावलं अंतर ठेवून उभे होते, गावच्या सुताराने उभं राहावं तसे. तिथून पुढे त्यांनी मला एकदाही 'तू' म्हटलं नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि तरीही मी त्यांचे प्रश्न वरच्या आवाजात, साहेबी थाटात विचारत राहिलो.

उतरल्यावर बाबा धक्क्यावरून नौकेच्या कुशीला निरखत चालत गेले आणि एका जागी थांबले. एक डोळा मिटला.

"साहेब, हितं पयले भोक व्हतं. धूर हितून पान्यात सोडत असतील. मंग बंद करून वर धुराडी बसवली. रंगाखाली जोड दिसतो, बगा."

मला काहीच दिसत नव्हतं. पण मी ते आमच्याबरोबर उतरलेल्या अधिकाऱ्याला सांगितलं, आणि तो थबकलाच. होय, म्हणाला, मूळ रचना तशीच होती. नौका सेवेत आल्यावर ती बदलावी लागली. म्हणजे माझं मासिक खरं होतं. माझी लाज बाबांनी राखली होती, तीही मी त्यांची काढल्यानंतर.

अधिकाऱ्याने कौतुकाने विचारलं, "हे गृहस्थ कोण?"

तोंड उघडायला एवढी सोन्यासारखी संधी पुन्हा मिळणार नव्हती. साहेब शेजारीच होते. 'माझे वडील' हे दोनच शब्द होते. मी साहेबांकडे बघितलं.

प्रश्न इंग्रजीत होता, पण बाबांना तो कळला असावा. त्यांनी हात जोडले आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "यांच्या गावचा सुतार."

मी ते भाषांतर करून सांगितलं. अगदी शब्दशः.

एका खलाशाने काढलेला सगळ्यांचा फोटो पुढे गोदीत आला. साहेबांनी माझी प्रत दिली, तिच्या मागे नावं लिहिली होती आणि शेवटी 'गावचे सुतार'. मी ती बाबांना दिली. त्यांनी मागची बाजू वाचली, "माजा फोटू बरा आलाय" म्हणाले आणि ट्रंकेत ठेवून दिली. नौका बघून आलो त्या रात्री आईने त्यांच्या भाजलेल्या तळव्यांना खोबरेल लावलं होतं, हे मला तिने बऱ्याच वर्षांनी सांगितलं. पाय कशाने भाजले, तर "फासल्या बगत व्हतो," एवढंच ते बोलले होते.

बाबा गेले तेव्हा भिंतीवर लावायला त्यांचा तो एकच बरा फोटो निघाला. एकट्या बाबांचा कापून मोठा करायला मी तो विरारच्या एका स्टुडिओत घेऊन गेलो. दुकानदाराने आधी फोटो बघितला, मग उलटा करून मागचं वाचलं.

"सुतार म्हणजे हे ना? तुमचे कोण?"

"वडील," मी म्हणालो.

त्याने पुन्हा मागचं वाचलं. "मग इथे असं का लिहिलंय?"

दुकानात आम्ही दोघंच होतो. तरीही मी म्हणालो, "लिहिणाऱ्याची चूक झाली."