किनोव्याच्या सांजोऱ्या

"आधी गिळा, मग बोला," असं म्हणत नाना चमचा पुढे करायचे.

आपण चमचा तोंडात घातला की ते आपल्या चेहऱ्याकडे बघायचे नाहीत, गळ्याकडे बघायचे. घास खाली उतरला की नाही, एवढंच त्यांना पाहायचं असायचं. माणूस तोंडाने खोटं बोलतो, गळ्याने बोलत नाही, अशी त्यांची समजूत असावी. ती साफ चुकीची होती. माझा गळा नानांशी कित्येक महिने सफाईने खोटं बोलला, आणि ते आठवलं की आजही मला किनोव्यापेक्षा माझीच जास्त किळस येते.

पण आधी किनोव्याबद्दल बोलून घेते, म्हणजे मन मोकळं होईल. तुम्हाला तो आवडत असेल तर रागावू नका. कच्चा असतो तेव्हा तो राजगिऱ्याचा थोराड भाऊ दिसतो, तिथवर माझी तक्रार नाही. शिजला की मात्र दाण्यादाण्याला बारीक पांढरी शेपटी फुटते. वाटीत बघावं तर अळ्या वेटोळी करून पडल्यासारख्या. नानांच्या किनोव्याला वर आणखी एक चव असायची. लहानपणी न्हाताना आईने डोक्यावर ओतलेलं रिठ्याचं पाणी तोंडात गेलं असेल, तर ती चव तुम्हाला सांगायला नको. जिभेच्या मागे तासभर बसून राहायची. त्यावर चहा प्यावा तर चहाही कडू लागायचा.

नाना आमच्या पारोळ्याच्या घराशेजारी राहायचे. नोकरी सगळी भुसावळला, रेल्वेच्या पार्सल ऑफिसात झाली. निवृत्त झाल्यावर गावी येऊन छोटं घर बांधलं. घरात दोघंच, ते आणि अक्का. मुलगी सुरतेला दिलेली. आमच्याशी बोलताना नाना ऑफिसातली मराठी बोलत, मला "बाई" म्हणत, कारण मी शाळेत शिकवते. उभ्या आयुष्यात त्यांनी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं ते फक्त पाणी प्यायला. अक्का मात्र अशी सुगरण, की गल्लीत कुणाची बट्टी फुटली तर बायका तिला विचारायला धावत.

मग अक्काच्या पोटाचं ऑपरेशन झालं, धुळ्याला. त्यानंतर दर महिन्याला इंजेक्शन घ्यायला जावं लागे. डॉक्टरांनी नानांना स्पष्ट सांगितलं होतं, "यांचं वजन घटलं तर इंजेक्शन झेपणार नाही, थांबवावं लागेल." तिथे आहार सांगणारी एक बाई बसायची. तिने कागदावर बरंच काही लिहून दिलं, त्यात किनोवा होता. बाकीच्या गोष्टी नानांना ठाऊक होत्या. किनोवा ठाऊक नव्हता, म्हणून औषध तेच असणार, असं त्यांनी ठरवून टाकलं. येताना दवाखान्यासमोरच्या दुकानातून चार पुडे घेऊन आले.

त्या दिवसापासून आमच्या गल्लीचे हाल सुरू झाले. नानांनी किनोव्याची खिचडी केली. शेवभाजीच्या रश्श्यात किनोवा घातला. उडीद मिसळून त्याची ज्वारी-उडदाच्या कळण्यासारखी भाकरी थापायला गेले, ती तव्यावरच मोडली, तर तिचा काला करून फोडणी दिली. गुळात खीर केली, तुपात शिरा केला, लाडू वळले. ते लाडू हातात घेतले की वाळूसारखे सुटायचे. आज तिखट असेल तर उद्या गोड. आणि काही केलं की डबा घेऊन दारात हजर. "फक्त एक चमचा, बाई. अक्काला द्यायच्या आधी खात्री केलेली बरी."

मी गिळायची आणि म्हणायची, "छान झालंय नाना."

दुसरं काय म्हणणार? समोरचा माणूस पासष्टी उलटल्यावर बायकोसाठी कांदा चिरायला शिकलेला, बोटांना चिंध्या बांधलेला. तुम्ही असतात तरी हेच म्हणाला असतात. नाना गेले की मी डबा मोरीत रिकामा करायची. एकदा गल्लीतल्या गाईसमोर ओतला. लग्नाच्या उष्ट्या पत्रावळी खाणारी ती गाय, तिने हुंगलं आणि तोंड फिरवलं.

पण आमच्याकडे दुसऱ्याचं भांडं रिकामं परत देत नाहीत. काही नसलं तर चिमूटभर साखर घालतील, पण रिकामं नाही. त्यामुळे किनोवा मोरीत गेला की डबा घासून मी त्यात वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी घालून पाठवायची. समोरच्या वहिनी वरण-बट्टी घालायच्या. कोपऱ्यावरच्या खाला शिरखुर्मा, नाहीतर मटणाचा रस्सा. नानांचा किनोवा गल्लीच्या मोरीत आणि गल्लीचं जेवण नानांच्या घरी, असं ते बरेच महिने चाललं.

आणि अक्काचं वजन वाढू लागलं. धुळ्याहून एसटीने आले की नाना घरी जायच्या आधी आमच्या दाराशी थांबायचे. "वाढलं हो बाई! किनोव्याचा गुण!" मी मान डोलवायची आणि आत येऊन कपाळावर हात मारून घ्यायची.

एके दिवशी नाना पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला गेले होते, म्हणून मी अक्काजवळ बसले. ती उठली आणि खालांचा डबा उघडून मजेत जेवू लागली. शेजारी नानांनी झाकून ठेवलेली किनोव्याची वाटी होती. जेवण झाल्यावर तिने ती वाटी उचलली, मागच्या दारी जाऊन जास्वंदीच्या मुळाशी ओतली आणि वर माती लोटली. हे तिचं रोजचं काम असावं, इतक्या सराईतपणे.

"अक्का!" मी म्हटलं.

"त्यास्ले सांगू नको व माय," ती घरच्या बोलीत म्हणाली. नानांना ती मानाने 'त्या' म्हणायची. "त्यास्नं माले घशाखाले उतरत नही. पन तू छान शे म्हन. तू छान म्हनशी तं त्या करतीन, वाटतीन, आनि डबा भरीसन परत यी."

"आणि नाना स्वतः काय खातात?"

"त्या दोन वाट्या खातस. त्यास्ले काय! तो मोठा ताप उनता ना साथमा, तवपाईन तोंडले चवच नही. माती दी तरी खातीन."

तेव्हा मला कळलं की हा माणूस आपल्या गळ्याकडे का बघतो. त्यांना स्वतःला गोड-कडू काहीच कळत नव्हतं. त्यांची जीभ म्हणजे आम्ही होतो. खरं तर त्याच दिवशी मी त्यांना गाठून सगळं सांगायला हवं होतं. पण अक्काचं पोट भरत होतं आणि मला छान म्हणायची सवय झाली होती. मी गप्प बसले.

आखाजी, म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया, आली. उन्हाने अंगाची लाही होत होती. सकाळपासून मी चुलीपुढे, डोक्यात हातोडे पडत होते, घरात पाहुणे. अशात नाना दारात उभे. डब्यात सांजोऱ्या होत्या. सणाची सांजोरी, बाहेरून चांगली तळलेली, आणि आत सांज्याऐवजी गुळात घोटलेला किनोवा. मला वर्षभर वाट बघून जे खायला मिळतं त्यात तो शेपटीवाला ऐवज भरलेला! मी घास घेतला. तूप, गूळ आणि रिठा. मी अंगणात जाऊन थुंकले.

"नाना, हे कडू आहे," मी म्हटलं. "साबण खाल्ल्यासारखं लागतं. पहिल्या दिवसापासून लागतंय. अख्खी गल्ली फेकून देते. कृपा करा, सणाला तरी नको."

नानांनी डब्याला झाकण लावलं, ते नीट बसलं की नाही ते दाबून पाहिलं आणि निघून गेले. पाहुण्यांपैकी कोणी तरी हसलं. खरं सांगते, त्या क्षणी मलाही बरंच वाटलं होतं.

त्यानंतर नानांचा डबा कुणाच्याच दारात आला नाही. डबा येत नाही म्हणून डबा परत जात नाही. पुढच्या खेपेला ती दोघं धुळ्याहून आली, तर नाना आमच्या दाराशी थांबले नाहीत. मीच मागून जाऊन विचारलं. वजन घटलं होतं आणि डॉक्टरांनी इंजेक्शन पुढे ढकललं होतं.

मी लगेच भरीत-भाकरी घेऊन गेले. नाना दारातच उभे. "आमच्याकडे स्वयंपाक झालाय, बाई." दुसऱ्या दिवशी वहिनींना तेच उत्तर. तिसऱ्या दिवशी खालांना तेच. चौथ्या दिवशी माझं डोकं फिरलं.

"नाना, माझा राग अक्कावर काढू नका. ती तुमचं काही खात नव्हती. आमच्या डब्यातलं खायची."

"मले म्हाईत शे," नाना म्हणाले.

इतक्या वर्षांत माझ्याशी ते पहिल्यांदाच घरच्या बोलीत बोलत होते.

"ती तुमनं खाये, ते मले म्हाईत व्हतं. जास्वंदना मुळशी मी बी पानी घालस ना. तिनं पोट भरे, मी बठ्ठं देखीसन न देखल्यासारखं करू. पन मी समजे, मनं तुमी खातस आनि तुमनं ती खास. दिलं-लिधं बराबर. आते कळनं, तुमी फेकी देतस. मंग तो डबा म्हंजे भीकच व्हती ना, बाई?"

मला लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपण वाईट माणसं नसतो, नुसती गोड माणसं असतो, आणि आपल्या त्या गोडपणाने कोणाच्या तरी घरात उपास घडतो. आतल्या खाटेवर अक्का भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या.

मला शहाण्यासारखं समजावता येत नाही, रागावता मात्र येतं. मी सरळ त्यांच्या स्वयंपाकघरात शिरले, पुडा फोडून किनोवा पातेल्यात ओतला, वर पाणी घातलं आणि दोन्ही हातांनी चोळला. रिठ्याची चव, तर रिठ्यासारखा फेसही असणार, हे तेव्हा कुठे माझ्या डोक्यात आलं होतं. पाण्यावर हा फेस आला! कपडे भिजवल्यासारखा.

"बघा," मी म्हटलं. "हे तुम्ही तिला खाऊ घालत होता. कधी धुतला होता का?"

नाना पातेल्याकडे बघतच राहिले. "धुतल्यानं सत्त्व जातं," ते हळूच म्हणाले.

"जाऊ द्या ते सत्त्व मोरीत!"

मी ते पाणी फेकलं. दुसऱ्या पाण्याला त्यांनी माझा हात बाजूला केला आणि स्वतः चोळू लागले. सात-आठ पाणी झाली तेव्हा कुठे फेस थांबला. नानांनी चष्मा कपाळावर चढवून पाणी निरखलं. फेस गेला की कडूपणा गेला, ही एक गोष्ट अशी होती की तिला जीभ लागत नव्हती. डोळे पुरत होते, आणि पार्सलवाल्या माणसाचे डोळे पक्के होते.

मग मी माझी अट घातली. रोज डबा द्यायचा. मी तो खाईन, फेकणार नाही, आणि खरं तेच सांगेन. मी पाठवीन ते मुकाट घ्यायचं.

किनोवा चांगला लागायला लागला का? छे! कडू लागत नव्हता, इतकंच. पण मी शब्दाला जागले. "मीठ कमी पडलंय." "शिऱ्याला तूप जास्त, तोंडाला चिकटतं." "ही खीर भयंकर आहे नाना, जन्मात पुन्हा करू नका." शिव्या खाऊन इतका खूश होणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. माझं ऐकून ते गल्लीत वहिनींना सांगत फिरायचे, "बाई म्हणाल्या, खीर भयंकर झालीय!" वहिनीही मग खरं बोलू लागल्या. अक्काच्या खाटेजवळ पुन्हा भरीत आलं, बट्टी आली, खालांचा रस्सा आला. इंजेक्शनं सुरू झाली आणि वेळेवर संपली. धुळ्याच्या डॉक्टरांनी अक्काला सांगितलं, आता सहा महिन्यांनी या.

नाना गेल्या हिवाळ्यात गेले. सकाळी किनोवा भिजत घातला होता, दुसरं पाणी ओतायला उठले आणि तिथेच ओट्यापाशी कोसळले. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. दुपारपर्यंत सुरतेहून मुलगी आली, संध्याकाळी त्यांना नेलं.

दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, गल्ली जेवण पोचवते. पिठलं आलं, खिचडी आली, भाकरी आल्या. अक्काने कशालाही हात लावला नाही. रडलीही नाही. मुलीने घास तोंडाशी नेला की ती ओठ घट्ट मिटून घ्यायची. तिच्या गोळ्या उपाशीपोटी चालत नव्हत्या. दुसरा दिवसही तसाच गेला. मुलगी मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, "मावशी, हीसुद्धा जाईल हो अशानं."

नानांनी भिजवलेला किनोवा मी पहिल्याच दिवशी घरी नेला होता. वहिनी म्हणाल्या फेकून दे. माझा हात होईना, म्हणून फ्रिजमध्ये ठेवून दिला होता. तिसऱ्या दिवशी सकाळी काढला, राहिलेली पाणी घातली, फेस जाईपर्यंत चोळला आणि जिरं-मिठात नुसता शिजवला. मला त्यातून काही चमत्कार वगैरे घडवायचा नव्हता. जे काय करता येईल ते करून बघायचं होतं.

"अक्का, हा नानांनी भिजवलेला," मी म्हटलं आणि चमचा पुढे केला.

तिने चमच्याकडे पाहिलं. मग तोंड उघडलं. एकदा चावलं, दोनदा चावलं, आणि सगळा घास ताटात थुंकून टाकला.

"थू! कितला घान शे व माय!"

मुलगी दचकली. अक्का पदराने जीभ पुसत होती, तोंड वेडंवाकडं करत होती. "इतला दिन," ती म्हणाली, "इतला दिन एकदा बी म्हनता उनं नही त्यास्ले. त्या मन्हाकडे देखेत, आनि माले म्हनता येयेच नही." आणि मग ती रडली. तीन दिवसांत पहिल्यांदा, मोठ्याने, गल्लीला ऐकू जाईल अशी. मुलगी तिला धरून बसली.

रडणं ओसरलं तेव्हा तिने माझ्याकडे चूळ भरायला पाणी मागितलं, आणि पाठोपाठ भाकरी मागितली. मी भाकरीवर ठेचा आणि तेल घालून दिलं. तिने अर्धी भाकरी खाल्ली आणि गोळ्या घेतल्या.