टोपणभर हुशारी

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षातलं ते प्रकरण आठवलं, की आधी हसू येतं आणि मग छातीत धस्स होतं.

केळीच्या पट्ट्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. आमचा ठाणे अंमलदार मूळचा शिंदखेड्याकडचा, अहिराणी बोलणारा, पन्नाशीचा हवालदार. सगळे त्याला आबा म्हणत. खात्याअंतर्गत फौजदारपदाची परीक्षा जवळ आली होती आणि ही त्याची शेवटची संधी होती. नेमके तेव्हाच नवे कायदे आले आणि तीस वर्षं तोंडपाठ असलेल्या कलमांचे आकडे बदलले. खुनाच्या तीनशे दोनचं एकशे तीन झालं. आबा टेबलाशी नवे आकडे पुटपुटत बसायचा.

एके सकाळी फैजपूरच्या औषध दुकानदाराचा फोन आला. ‘‘साहेब, परीक्षेवाले लोक कसलीतरी पावडर मागताहेत. नाव मीही कधी ऐकलेलं नाही. एकाची धडधड दोन दिवस थांबेना.’’

माल कुरिअरनं येतो असं कळलं, म्हणून कुरिअरच्या गोडाऊनवर दोन दिवस पाळत ठेवली आणि पार्सल घ्यायला आलेल्या विक्रेत्याला ताब्यात घेतलं. इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं. पाकिटावर ‘मानवी सेवनासाठी नाही’ असा छापील शिक्का. ‘‘बंदीच्या यादीत ही नाही, साहेब. हिनं डोकं चालतं. एकही गिऱ्हाईक तक्रार देणार नाही,’’ तो म्हणाला. तीन तास विचारपूस केली, पण पठ्ठ्यानं एक नाव सांगितलं नाही. शेवटी हसून म्हणाला, ‘‘तुमच्या खात्यातही हुशार व्हायची हौस आहे.’’

मी ती थाप समजलो. चोर पोलिसाला खिजवतोच.

दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे स्टेशन डायरी तपासायला घेतली. आबाच्या नोंदी म्हणजे एरवी तीन ओळींत काम. आज अकरा पानं! ‘१०.४२ वा. ठाणे आवारात एक मांजर आले. १०.४६ वा. पूर्वेस निघून गेले.’ अक्षर मोत्यासारखं, खाडाखोड नाही. मी खो खो हसलो. मग मागची पानं उलटली. सलग दोन दिवस, दोन रात्री एकच हस्ताक्षर. माणूस झोपलाच नव्हता.

आबाला आत बोलावून दार लावलं. मनगट धरलं तर नाडी उडत होती.

‘‘आबा, किती घेता?’’

‘‘पेननं येक टोपन. काल दोन.’’ त्याचे डोळे भरले. ‘‘साहेब, मन्हा ध्यानमाच ऱ्हात नही. ती पूड खादी नी येकेक कलम, बठ्ठं पाठ व्हयनं. आठ दिनवर परीक्षा शे. ती व्हवू द्या, मंग काय करनं ते करा.’’

क्षणभर त्याचं ऐकायचा मोह पडला. पण ज्याचं माप टोपणानं चालतं, ते कुणाचं हृदय कधी बंद पाडेल, याचा नेम काय? तशीच गाडी काढून जळगावच्या सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, ‘‘हे नाव आम्हीही पहिल्यांदा ऐकतोय. यावर उतारा कोणता देणार?’’ दोन दिवस तो यंत्राला जोडलेला होता आणि मी बाहेर बाकावर. एवढी भीती मला चकमकीतही वाटली नव्हती.

आबा वाचला. परीक्षा मात्र हुकली.

विक्रेत्याविरुद्ध बोलायला खरंच एकही गिऱ्हाईक पुढे येईना. आबा तयार झाला. बदनामी होईल हे ठाऊक असून खाटेवरूनच जबाब देऊ लागला आणि मी लिहून घेऊ लागलो.

‘‘पूड घेण्याचं कारण?’’

‘‘परेडले वरिष्ठ बठ्ठासमोर कलमं इचारेत. चुकनं का हसेत. माले लाज वाटे.’’

हसणारा मीच होतो. थट्टा समजत होतो मी ती. चौतीस वर्षं आरोपींना ‘का केलंस?’ विचारलं, पण शेजारच्या टेबलावरचा माणूस का पुटपुटतो, हे कधी विचारलं नाही.

‘‘वरिष्ठ कोण?’’ मी विचारलं.

‘‘वरिष्ठ लिखा ना साहेब. इतलंच बस शे.’’

मी ‘वरिष्ठ’ या शब्दापुढे माझं नाव आणि हुद्दा लिहिला, आणि खाली ‘समक्ष’ म्हणून सही केली.