गार्डन स्ट्रीटवरचं घर आणि बेव्हरली क्लेग

बेव्हरली क्लेगला हवा होता तो निधी एकदाचा मंजूर झाला, तेव्हा ती पार दमून गेली होती.

इंग्लंडमधल्या थॉर्नक्लफ गावच्या कौन्सिलमध्ये, म्हणजे नगरपालिकेत, जुन्या वास्तूंचं काम पाहणारी ती एकटीच उरली होती, आणि तीही आठवड्यातले तीन दिवस. मी समोरच्या टेबलावर बांधकाम परवान्यांचे अर्ज बघायचे. देशाच्या संरक्षित वास्तूंच्या मोठ्या यादीत बसत नाहीत, पण गावाला आपल्या वाटतात, अशा वास्तूंची गावानं स्वतःची यादी करावी, असं ती वर्षानुवर्षं सांगत होती. उत्तर ठरलेलं असायचं. कल्पना चांगली आहे, पैसे नाहीत. मग एका शरदात लंडनहून कळलं की अशा स्थानिक याद्यांना सरकार पैसे देणार. मात्र काम मार्चअखेर संपवायचं, आणि पैसा फक्त यादीवर खर्च करायचा. गळक्या छपरावर एक कौलसुद्धा त्यातून बसवता येणार नव्हतं.

आमचा साहेब डंकन म्हणाला, "बेव्ह, तुझं नशीब उघडलं."

"दहा वर्षांपूर्वी उघडलं असतं तर नाचले असते," ती म्हणाली. "आता आधी बसते."

घरी तिचा नवरा रॉय फुप्फुसांच्या आजारानं अंथरुणाला खिळलेला. त्याच्या प्राणवायूच्या यंत्राच्या घरघरीत तिची झोप कधी पुरी व्हायची नाही. सकाळी कोट न काढताच ती खुर्चीत बसायची, आणि चहा पोटात गेल्यावरच कोट निघायचा.

यादीसाठी लोकांकडून नावं मागवायची म्हणून ग्रंथालयात सभा भरवली. गिरणीतून निवृत्त झालेला विल्फ ऑग्डन पुढच्याच खुर्चीत होता.

"पोरी, माझं घर यादीत घातलंस तर मला प्लॅस्टिकच्या खिडक्या बसवता येतील का?"

"येतील, विल्फ."

"मग यादीचा उपयोग काय?"

"उद्या कुणी वास्तू पाडायला निघालं, तर परवाना देण्याआधी कौन्सिलला तिचा विचार करावा लागतो."

"म्हणजे पाडणारच," विल्फ म्हणाला. "फक्त आधी तोंड पाडणार."

सगळे हसले. बेव्हही हसली, पण तिला ते लागलं असावं. परतताना गाडीत ती म्हणाली, "म्हातारा चुकीचं बोलला नाही गं."

लोकांनी सुचवलं ते अपेक्षितच होतं. गिरणीची चिमणी, मेथडिस्ट पंथाच्या ख्रिस्ती लोकांचं प्रार्थनाघर, विणकरांच्या संघटनेचा हॉल. आणि एके दिवशी नसरीन नावाची बाई कचेरीत आली. दवाखान्यात स्वागतकक्षात काम करायची, गळ्यात अजून ओळखपत्र होतं. तिनं गार्डन स्ट्रीटवरच्या एका घराचं नाव दिलं. दोन खोल्या वर, दोन खाली, रांगेतल्या बाकीच्या घरांसारखंच विटांचं.

"गावातली पहिली मशीद," ती म्हणाली. "माझे सासरे, अब्बा, पाकिस्तानकडच्या मीरपूरहून गिरणीत आले तेव्हाची. पाळी सुटली की लोक तिथं यायचे. खालची खोली भरली की जिन्यावर उभे राहायचे. शेजारच्या मिसेस पिकल्स थंडीत नमाजाआधी हातपाय धुवायला गरम पाण्याची बादली भिंतीवरून द्यायच्या."

"आता तिथं काय आहे?"

"मशिदीच्या मोडक्या खुर्च्या. मोठी मशीद शेजारीच झाली ना."

निवड समितीतल्या दोघा-तिघांनी नाकं मुरडली. घरात बघण्यासारखं काहीच नाही, असं त्यांचं म्हणणं. बेव्ह एरवी सभेत आवाज चढवत नसे, त्या दिवशीही चढवला नाही. ती एवढंच म्हणाली, "बघण्यासारखं नाही म्हणूनच ते मोठ्या यादीत कधी जाणार नाही. आपली यादी कशासाठी आहे मग?" घर यादीत गेलं.

पुढच्याच आठवड्यात मशिदीचे चिटणीस हाजी लियाकत आले. माणूस सौम्य, बरोबर मिठाईचा डबा.

"मिसेस क्लेग, तुम्ही आमचा मान केलात, शुक्रिया. पण ते घर आम्हाला पाडायचं आहे."

बेव्हनं डबा टेबलावर ठेवला आणि डोळे चोळले.

"आमच्या बायका मागच्या बोळातून, कचऱ्याच्या डब्यांजवळून आत येतात," हाजी म्हणाले. "वर त्यांना धड खोली नाही. मयत धुवायलाही जागा नाही, शेजारच्या गावी न्यावं लागतं. त्या घराच्या जागी हे सगळं होईल. लोकांनी त्यासाठी पोटाला चिमटा काढलाय."

बेव्हनं नसरीनलाही बोलावून घेतलं. दोघं समोरासमोर बसले.

"चाचा, मला एकदा तरी विचारायचंत," नसरीन म्हणाली.

"तुला काय विचारायचं बेटी? बोळातून येताना रोज तूच कुरकुरतेस."

"कुरकुरते. पण अब्बांचं सगळं उठणं-बसणं त्या घरात गेलं."

"माझंही गेलं. त्या जिन्यावर मी तुझ्या सासऱ्यांच्या शेजारी उभा राहायचो. म्हणून काय आपल्या मयती दुसऱ्याच्या दारात न्यायच्या?"

बेव्हनं मिठाईचा डबा उघडून दोघांपुढे ठेवला. मग म्हणाली, "हाजीसाहेब, मी घर यादीतून काढणार नाही. पण तुमचा अर्ज आला की तुमची गरज काय, तेही लिहीन. दोन्ही खरंच आहे."

तसं तिनं लिहिलं. अर्ज माझ्याच टेबलावर आला होता, म्हणून मला ठाऊक. कौन्सिलनं विचार केला, आणि पाडायचा परवाना दिला. विल्फ बाजारात भेटला तेव्हा त्यानं काही टोमणा मारला नाही, नुसती टोपी काढली. बेव्ह म्हणाली, टोमणा परवडला असता.

पाडण्याआधी घराची मापं आणि छायाचित्रं घ्यावीत असं तिला फार वाटत होतं. डंकन म्हणाला, निधी यादीपुरता आहे, पाडापाडीच्या कामाला त्यातलं काही वापरता येणार नाही. तिनं वाद घातला नाही. शनिवारी रॉयजवळ त्याच्या बहिणीला बसवलं आणि टेप घेऊन गार्डन स्ट्रीटला गेली. मलाही घेऊन गेली. टेपचं दुसरं टोक नसरीननं धरलं. जिन्याच्या पायऱ्या मधोमध झिजल्या होत्या. नसरीन एकेका पायरीवर थांबून कोण कुठं उभं राहायचं ते सांगत होती आणि बेव्ह लिहून घेत होती. मध्येच हाजी थर्मासमधून चहा घेऊन आले. एक नाव नसरीन चुकली, ते त्यांनी दुरुस्त केलं आणि मग तिथंच थांबले.

वसंतात यादी छापून झाली आणि निधी संपला. यादीत पुढं भर घालायला, ती सांभाळायला काही मिळणार नव्हतं. उन्हाळ्यात कौन्सिलनं बेव्हची जागा शेजारच्या कौन्सिलबरोबर एक केली, आणि ती तिकडच्या माणसाला गेली. निरोपाच्या दिवशी ती म्हणाली, "मला रडू यायला हवं होतं. पण आधी झोप येते." रॉय त्याच वर्षी हिवाळ्यात गेला.

मशिदीचा नवा भाग पुरा झाला तेव्हा नसरीननं आम्हा दोघींना बोलावलं. बायकांचं दार आता रस्त्यावर होतं, रुंद आणि उजेडाचं. वरची खोली मोठी, खाली जाड गालिचा, भिंतीलगत खोली उबदार ठेवणाऱ्या गरम नळ्या. जुन्या घराची कुठली खूण नव्हती. समोशांच्या ताटल्या फिरत होत्या, पोरी खिदळत होत्या. बेव्ह भिंतीला टेकून बसली.

"कसं वाटतं?" नसरीननं विचारलं.

"ऊब आहे," बेव्ह म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "ते घर गेलं याचं मला अजून वाईट वाटतं. आणि हे झालं ते बरं झालं, असंही वाटतं."

"मलाही," नसरीन म्हणाली आणि चहा आणायला गेली.

ती परतली तोवर बेव्हला झोप लागली होती, मान एका बाजूला कलली होती. मी उठवायला हात पुढे केला, तर नसरीननं तो धरला.

"असू दे," ती म्हणाली, आणि पोरींना गप्प करून तिनं आपली शाल बेव्हच्या पायांवर घातली.